येतो मरून

स्टेजवर जायच्या आधी तो विंगेत उभा राहून चहा संपवायचा, रिकामा कप माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "येतो मरून." आपण "येतो जाऊन" म्हणतो ना, अगदी त्याच सुरात. मग शेला सावरून आत जायचा आणि खरंच मरायचा. यायचा मात्र नाही. पडदा पडेपर्यंत तिथंच आडवा.

तो अफगाणिस्तानातून सांगलीला शिकायला आला होता. काबूलच्या उत्तरेला कुठंतरी त्यांचं द्राक्षाचं गाव, घरी बेदाण्याचा धंदा. कुणीतरी त्याला सांगितलं की बेदाण्यातलं काही शिकायचं असेल तर सांगलीला जा, आणि हा गडी विमानात बसला. आमच्या तासगावची निम्मी पोरं परदेशी जायचं म्हणून इंग्रजीच्या शिकवण्या लावतात. सांगली हाही कुणाचा तरी परदेश असू शकतो, हे हा भेटेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. घरच्यांना त्याचा त्रास होऊ शकतो, आणि तसंही कॉलेजात ते कुणी वापरलं नाही. सगळे त्याला सरदार म्हणायचे.

सरदार का, तर आमच्या नाट्यमंडळाच्या दिग्दर्शकामुळं. हा साताऱ्याचा. दिग्दर्शक तोच, लेखक तोच आणि नायक कोण हे दिग्दर्शक ठरवतो म्हणून नायकही तोच. त्याला ऐतिहासिक सोडून दुसरं काही सुचायचं नाही. पहिल्या वर्षी निवडीच्या दिवशी हा सहा फुटी, दाढीवाला, धारदार नाकाचा माणूस दारात उभा राहिला आणि दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आयला, शत्रूचा सरदार आपल्या पायांनी चालत आला की रं!" तेव्हापासून तीन वर्षं आमचा नायक त्याला मारत होता आणि तो मरत होता. तलवारीनं मेला, भाल्यानं मेला, विष पिऊन मेला. एकदा त्याला कड्यावरून ढकलला, कडा म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन बाकं. एकदा वरून दरड टाकली, तेव्हा थर्माकोलचा एक धोंडा त्याच्या पोटावर टप्पा घेऊन पहिल्या रांगेत प्राचार्यांच्या मांडीत जाऊन बसला. मी मंडळात रंगभूषा आणि सामान बघायचे, म्हणजे त्याचं रक्त माझ्याकडं. खायचा लाल रंग, साखरेचा पाक आणि जरासा कोको. दर वेळी तो बाटलीत बोट बुडवून चाटायचा आणि "आज पाक कच्चा हाय" असं तोंड वाकडं करून सांगायचा.

मरणं त्यानं फारच मनावर घेतलं होतं. पहिल्या नाटकात चार सेकंदांत मेला. दुसऱ्या वर्षापासून अडीच मिनिटं लागायला लागली. घाव बसला की आधी त्याचा विश्वासच बसायचा नाही. मग छातीकडं बघायचा. मग मारणाऱ्याकडं. मग एक गिरकी, एक गुडघा, दुसरा गुडघा, मध्येच उठायचा प्रयत्न, आणि मग कुठं आडवा व्हायचा. साताऱ्याच्या एका गॅदरिंगला नायक तलवार उगारून ताटकळला. शेवटी दात खात पुटपुटला, "आरं मर की लवकर, माझं भाषण हाय." हा पडता पडता म्हणाला, "घाई कशाला? तुला कुठं मरायचंय?" पुढच्या तीन रांगांनी ते ऐकलं. नायकाच्या भाषणाला त्या दिवशी एक टाळी पडली नाही.

पण खरा तऱ्हेवाईकपणा मेल्यानंतर सुरू व्हायचा. तो उठायचा नाही. नाटक संपलं, सगळे हातात हात घालून नमस्काराला ओळीत उभे राहिले, तरी हा मागं पडलेलाच. लोक वन्समोअर म्हणून घसे फोडायचे, तरी बोट हलायचं नाही. एकदा दिग्दर्शकानं पायाला धरून ओढला, तर पोतं ओढल्यासारखा ओढला गेला. पडदा पडला की उठणार, अंग झटकणार आणि विचारणार, "चहा हाय?"

मी एकदा भांडलेच. "आरं, नमस्काराला तरी ये की. लोकं तुझ्यासाठी थांबलेली असतात."

"मेल्यालं मानूस नमस्कार करतंय व्हय?"

"तवा नाटक संपलेलं असतं, बाबा!"

"त्येंचं तवा संपतंय. माजं कवाच संपल्यालं असतंय."

 

त्याची मराठी हा तर वेगळाच विषय. कॉलेजनं त्याच्यासाठी मराठीचे तास ठेवले होते. पण तो दोन वेळा जेवायचा एका मावशींच्या मेसमध्ये, आणि मावशी मूळच्या वडूजच्या. त्यामुळं त्याची मराठी थेट खटाव तालुक्यातून आली, भाकरी-आमटीबरोबर. आम्ही तासगावची पोरं सांगलीच्या कॉलेजात आलो की जीभ आवळून आहे-नाही करायला लागतो. हा बिनधास्त हाय-न्हाई करत प्राध्यापकांशी वाद घालायचा. एकदा एसटीत कंडक्टरनं त्याचं बोलणं ऐकून विचारलं, "कुठलं गाव पाव्हणं?" तर म्हणाला, "वडूजच्या पल्याड." कंडक्टर म्हणाला, "दहिवडी व्हय?" तर हा खिडकीबाहेर बघत म्हणतो, "त्येच्या बी जरा पल्याड." आता तो तिसऱ्याच एका देशात सुक्या मेव्याच्या कारखान्यात आहे, आणि तिथं कुणी विचारलं की आपण सांगलीचे असल्याचं सांगतो म्हणे.

दुधाचा चहा त्याला पटायचा नाही. "चहात म्हस कशाला घातली?" असं तो टपरीवाल्याला रोज विचारायचा. कोरा चहा घ्यायचा, साखर नाही, गालात एक बेदाणा. एकदा मी त्याला तासगावला घरी नेला. आम्ही जैन, वडील बेदाण्याचे व्यापारी. आलेल्याला दिवस मावळायच्या आत जेवायला घातल्याशिवाय ते धंद्याचं बोलत नाहीत. जेवण झालं, वडिलांनी आपला सगळ्यात चांगला हिरवा बेदाणा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं एकच दाणा उचलला, डोळे मिटले आणि चावत बसला. वडील दहावीच्या निकालाला बसावं तसे बसलेले.

"बरा हाय," तो म्हणाला.

"बरा? बाहेरच्या देशात जातो हा माल!"

"बरा हाय म्हनलं की. पर तुमी द्राक्षं झोपवून वाळवताय. आमी घड टांगतो. झोपल्यालं फळ आळशी हुतंय."

वडील महिनाभर हे वाक्य घरात, बेदाणा वाळवायच्या शेडमध्ये, पेढीवर ज्याला त्याला सांगून चिडत होते. आणि पुढच्या हंगामात शेडच्या एका कोपऱ्यात, जाळ्यांच्या रॅकमागं, चार घड सुतळीनं टांगलेले मला दिसले. 

हे सगळं मजेतच चाललं असतं, पण मध्ये त्याची आई होती.

प्रत्येक नाटकाचं चित्रण तो तिला पाठवायचा. तिकडं आता नाटक बघणं चालत नाही. म्हणून ती स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला फोन टेकवायची आणि आवाज बंद करून बघायची. मराठी तिला तसंही कळणार नव्हती. तिला दिसायचं ते एवढंच: आपला पोरगा झकपक कपडे घालून येतो, एक माणूस त्याला मारतो, तो पडतो, आणि शेवटपर्यंत उठत नाही. दर वर्षी तेच, आणि मारणारा माणूसही दर वर्षी तोच. तिनं आमच्या दिग्दर्शकाला इतके तळतळाट दिले होते की सरदार म्हणायचा, "ह्यो अजून जित्ता कसा, त्येचंच मला नवल वाटतंय."

मी हसले होते. मग एक दिवस मेसमध्ये ताट पुढं सारून तो म्हणाला, "ताई, माजा थोरला भाऊ गेलाय. बाजारात गेलता, तितं बाँब फुटला. घरी आनला त्यो झाकून. आईनं ते बघितलंय. आन् मी तिला दर वर्साला तेच दावतोय."

मी म्हणाले, "मग पाठवू नको की रे."

"न्हाई पाठवलं, तर तिला वाटतंय खरंच गेलो."

"मग नमस्काराला ये! तिला दिसू दे तू उठलेला."

त्यानं ताट परत पुढ्यात ओढलं. मला वाटलं, पटलं. मग मान हलवून म्हणाला, "खोटं दिसंल."

खरं सांगते, त्या क्षणी त्याच्या डोक्यात वरण ओतावंसं वाटलं. आई रडतेय, आणि ह्याला अभिनयाची पडलीय! पण तो तसाच होता. म्हणाला, "मला एक जित्ता मानूस दे. पडदा पडंस्तवर जित्ता. आईला कबूल केलंय, ह्या वर्साला न्हाई मरत." ते त्याचं शेवटचं वर्ष होतं.

म्हणून मी नाटक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं आणि, वाचकांच्या सुदैवानं, शेवटचं. बेदाण्याचा एक हेकट व्यापारी, त्याची मुलगी परदेशी शिकायला निघालीय, बाप आडवा आलाय, थोरला मुलगा बहिणीच्या बाजूनं भांडतोय, आणि शेवटी बाप "जा बाई" म्हणतो. बाप कुणावरून उचलला हे सांगायला नको. दिग्दर्शक ऐकेना. "सरदार आयता मिळालाय आणि तू त्याला पेढीवर बसवणार? व्यापारी असा सहा फुटी असतो व्हय?"

"माझे वडील सहा फूट आहेत," मी म्हणाले. वडील पाच फूट चार इंच आहेत. पण त्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आणखी दोन कॉलेजं ऐतिहासिक करणार अशी बातमी लागली आणि गडी कबूल झाला. थोरला मुलगा अर्थातच त्यानं स्वतः घेतला. मी सरदारची बायको झाले. "ताई, आता तू माजी बायकू," असं त्यानं मेसभर ओरडून सांगितल्यावर मावशींच्या हातातला चमचा आमटीत पडला.

तालमी आमच्या शेडमध्ये. हंगाम संपलेला, रॅक मोकळे, बेदाण्याला धुरी देतात त्या गंधकाचा वास अजून रेंगाळलेला. सरदारनं वडिलांना महिनाभर नुसतं बघितलं होतं. कानावर पेन्सिल, बोलता बोलता पोटावरून हात फिरवणं, "नाही" म्हणायच्या आधी बेदाणा तोंडात टाकणं, सगळं जसंच्या तसं. वडील एकदा दारात उभे राहून बघून गेले आणि रात्री आईला म्हणाले, "तो पोरगा कुणासारखा तरी वाटतोय गं, पण आठवत नाही." मावशींनी औंधच्या यमाईला नवस बोलला की पोरगं या वेळी मरू देऊ नको, पाच नारळ फोडीन.

स्पर्धेची अंतिम फेरी सांगलीत, दुपारी. पहिल्या रांगेत मावशी, त्यांच्या हातात सरदारचा फोन, फोनवर आई. तिकडं तांदळाचा डबा, आवाज बंद, सगळं नेहमीसारखं. फक्त या वेळी ती थेट, घडत असतानाच बघत होती. विंगेत त्यानं चहा संपवला, कप कुणा दुसऱ्याकडं दिला आणि मला म्हणाला, "चल. आज नुसतंच येतो."

काय रंगला म्हणून सांगू! पोटावरून हात फिरवला की हशा, बेदाणा तोंडात टाकला की हशा. तासगावचे चार व्यापारी आले होते, ते तर एकमेकांना कोपरानं ढोसत होते. शेवटचं भांडण आलं. थोरला मुलगा म्हणतो, "बाबा, आता पुरे झालं!" तालमीत हे वाक्य तो कमरेवर हात ठेवून म्हणायचा. पण समोर भरलेलं सभागृह, अंगात चढलेलं नाटक, आणि त्याचा उजवा हात वर गेला. तीन वर्षं जसा जात होता तसाच, तलवारीसकट. तलवार तेवढी नव्हती.

सरदारनं तो हात बघितला. पुढचं त्यानं केलं नाही, त्याच्या अंगानं केलं. आधी विश्वास बसला नाही. मग छातीकडं बघितलं. मग मुलाकडं. मग ती गिरकी. बेदाण्याचा ट्रे उडाला, एक गुडघा, दुसरा गुडघा, आणि माझा नवरा पेढीच्या पायाशी मरून पडला.

सभागृह उसळलं. सांगलीचे प्रेक्षक त्याला ओळखत होते, त्याच्या मरणावर प्रेम करत होते. टाळ्या, शिट्ट्या. आणि मग शांतता. थोरला मुलगा हात वर करून तसाच. मुलगी झालेली पोरगी माझ्याकडं बघतेय. आणि नाटकाचं शेवटचं वाक्य ज्याचं, तो मेलेला.

मी त्याच्याजवळ बसले. "ऊठ," मी पुटपुटले.

"मेलो," ओठ न हलवता उत्तर.

"कशानं? त्याच्या हातात काय होतं?"

"सवयीनं."

"मग आता सवय मोड आणि ऊठ!"

"न्हाई उठता येत ताई. लोकांनी बघितलंय."

डोळे मिटलेले, पण पापण्यांच्या कडेनं पाणी खाली येत होतं. काय झालं ते त्याला कळलं होतं. एवढ्यात पहिल्या रांगेतून मावशी ताडकन उठल्या, फोन वर धरून. "आगं उठीव त्याला! म्हातारी तोंडाला पदर लावून बसलीया!"

मला राग आला. त्याचा, त्याच्या अभिनयाचा, दिग्दर्शकाच्या त्या मेल्या हाताचा, सगळ्यांचाच. मी उभी राहिले, पदर खोचला आणि माझी आई वडिलांवर करवादते त्या आवाजात सुरू झाले.

"आवं, उठा! पोरगी जाऊ नये म्हणून मेल्याचं सोंग घेताय व्हय? तीस वर्षं संसार केलाय, तुमची सगळी सोंगं पाठ हायत मला! छातीत दुखायचं बघितलं, चक्कर यायची बघितली, आता हे नवीन! शेडात माल उघडा पडलाय, आभाळ भरून आलंय, आन् ह्यांना मरायला सुचतंय! खरंच मेला असाल तर ऱ्हावा तसंच. न्हाईतर उठा आन् ताडपत्री टाका!"

सभागृह हसून कोसळलं. खाली एक डोळा उघडला. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला लख्ख दिसलं. सोंग. म्हणजे मेला नव्हता. मेला नव्हता, तर उठायला हरकत नाही.

मग तो उठला. पण उठायलाही त्यानं मरण्याएवढाच वेळ घेतला. एक डोळा, दुसरा डोळा. मुलीकडं चोरून बघणं. एक गुडघा, दुसरा गुडघा, दाढीत अडकलेला बेदाणा काढून तोंडात टाकणं. ताठ उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "मला वाटलं, एवढ्यानं तरी थांबंल." मग मुलीपुढं गेला. माझ्या संहितेत "जा बाई" एवढंच होतं. तो म्हणाला, "जा बाई. पर दिसत जा."

नमस्काराला तो आला. मध्यभागी उभा राहिला, मावशींच्या हातातल्या फोनकडं तोंड करून हात जोडले, आणि हलेचना. पडदेवाल्यानं दोनदा खाकरून बघितलं. मी त्याच्या शेजारी उभी राहून भोकाड पसरून रडत होते, बायकोच्या भूमिकेत नव्हे, अशीच.

तिसरा नंबर आला. परीक्षकांनी लिहिलं होतं की वडिलांचं काम करणाऱ्या कलाकारानं मरणाचं सोंग जरा आवरतं घ्यायला हवं होतं. दिग्दर्शक ते वाचून दोन दिवस मंडळात फिरकला नाही.

त्या दिवशी पडदा पडल्यावर सभागृहाच्या मागं, पायऱ्यांवर बसून त्यानं आईला पुन्हा फोन लावला. तिकडून ती हसत होती, रडत होती, सगळं एकदमच बोलत होती. त्यानं फोन माझ्याकडं वळवला. डोक्यावर ओढणी, तांदळाचा डबा शेजारी. तिनं मला नीट बघून घेतलं, मग काहीतरी विचारलं.

"इचारती, ही बाई कोन," सरदार म्हणाला. "म्हनलं, नाटकातली बायकू. हिनंच उठिवलं."

आई पुन्हा बोलली, या वेळी थोडंच. 

"काय म्हणाली?"

"काय न्हाई."

"सांग की रे."

"म्हंती, ही बाई तीन वर्सं कुठं हुती?"

मी कुठं असणार? तिथंच होते, विंगेत, चार पावलांवर. दर वर्षी त्याला मरायला पाठवत होते, आणि पाक कच्चा राहिला की मला वाईट वाटायचं. आई फोनमधून माझ्याकडं बघत होती, उत्तराची वाट बघत. मला मराठीतसुद्धा काही सुचेना. शेवटी सरदारनंच तिला त्यांच्या भाषेत एक वाक्य सांगितलं. ती मान हलवून हसली.

"काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं, तिला आजच सुचलं."